तिसाव्या कलमाच्या सावलीत

सीमाभागातील मराठी माणूस भाषिक हक्कांविषयी बोलू लागला, की मराठी संस्थांनी चालवलेल्या शाळांची बाजू मांडतो. हे स्वाभाविकच आहे. परंतु आमच्या पिढीतील पुष्कळांची माध्यमिक शाळा मराठी मंडळींनी काढलेली नव्हती. ती कॅथलिक मिशनची होती. बेळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, चर्चच्याच आवारात, मुलामुलींसाठी एकत्र अशी ती भरत असे. अल्पसंख्य म्हणून जगणे म्हणजे काय, याचा पहिला धडा आम्हांस तेथे मिळाला. विधी महाविद्यालयात त्या धड्याला केवळ कलमांचे क्रमांक लाभले.

मोठ्या शहरांत मिशनच्या जुन्या शाळा बहुधा मुलांच्या निराळ्या आणि मुलींच्या निराळ्या असत. लहान गावाला दोन शाळा परवडत नाहीत, म्हणून आमची एकत्र होती. याचा लाभ असा झाला, की ज्या घरांची मुलीला परगावी धाडण्याची तयारी नव्हती, त्या घरांतील मुली भावंडांच्या सोबतीने शाळेत आल्या आणि दहावीपर्यंत टिकल्या. आमच्या कॅथलिक वर्गबंधूंच्या घरी कोंकणी, आमच्या घरी मराठी, बाजारपेठेत कन्नड, आणि फळ्यावर इंग्रजी. पालकसभेत फादर कोंकणी वळणाच्या मराठीत बोलत आणि कन्नडात आभार मानीत. त्यात कोणालाही वावगे वाटत नसे.

आठवड्यातून एका तासाला मात्र वर्ग दुभंगत असे. कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला जात. आम्ही इतर जण नीतिशिक्षणाला बसत असू. मधली भिंत पातळ होती, पलीकडची प्रार्थना अलीकडे स्पष्ट ऐकू येई. पण ती म्हणण्याची सक्ती आमच्यावर कधी झाली नाही. पुढे संविधानाचे कलम २८(३) वाचताना तो तास आठवला. शासनमान्य संस्थेतील विद्यार्थ्याला, तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणात सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही, असे ते कलम सांगते. शाळेने त्याचे नावही न घेता ते पाळले होते.

नाताळात वर्गबंधूंच्या घरून नेवऱ्या येत, दिवाळीत आमच्या घरून करंज्या जात. पदार्थ जवळजवळ तोच. नाव तेवढे निराळे. चर्चच्या फेस्ताला पताका लावणाऱ्यांत आम्हीही असू. १९८६ च्या जून महिन्यात कन्नड सक्तीविरोधी आंदोलनाने सारा जिल्हा पेटला, तेव्हाही या बाकावरून त्या बाकावर वैर पोहोचले नाही.

कॅथलिक संस्था म्हणजे मराठीला परकी संस्था, असे समजणाऱ्यांनी इतिहासाचे एक पान उलटावे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि तेथील नवख्रिस्ती समाजासाठी त्याने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. लोकांच्या अंतःकरणापर्यंत पोहोचायचे तर त्यांच्या परिचयाचीच वाणी हवी, हे त्या धर्मोपदेशकाने चारशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका शाळेने मराठी विषय बंद करण्याचे ठरवले. शाळेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. पालकांचे शिष्टमंडळ आमच्याकडे आले आणि ‘वकीलसाहेब, दावा ठोका’ म्हणाले. आम्ही नकार दिला. त्याचे कारण येथे मांडणे अगत्याचे वाटते.

कलम ३०(१) नुसार धर्मावर वा भाषेवर आधारलेल्या सर्व अल्पसंख्य वर्गांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा अधिकार आहे. धर्म आणि भाषा हे दोन शब्द तेथे एकाच वाक्यात शेजारी बसले आहेत. टी. एम. ए. पै फाउंडेशन विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींच्या पीठाने २००२ मध्ये सांगितले, की अल्पसंख्य कोण हे राज्य हा घटक धरून ठरवावे. म्हणून कर्नाटकात मराठी भाषक अल्पसंख्य ठरतात, तसे महाराष्ट्रात कन्नड भाषक ठरतात. ज्या कवचाने कॅथलिक शाळेचा कारभार राखला जातो, त्याच कवचाने आमच्या मराठी संस्थाही राखल्या जातात. शेजाऱ्याच्या कवचाला आपणच भोक पाडले, तर उद्या आपल्या छातीवर तेच भोक असेल. शिवाय मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी पुरवण्याविषयीचे कलम ३५०-क हे प्राथमिक टप्प्यापुरते बोलते आणि राज्याला उद्देशून बोलते. माध्यमिक खासगी शाळेवर ते उगारता येत नाही.

मग आम्ही पालकांसह मुख्याध्यापिका सिस्टरना भेटावयास गेलो. त्यांनी वाद घातला नाही. भाषानिवडीची नोंदवही तेवढी उघडून पुढे ठेवली. मराठीच्या रकान्यात बोटांवर मोजण्याइतकी नावे होती. शिष्टमंडळातील काहींच्या पाल्यांची नावेही त्यात नव्हती. क्षणभर कोणी कोणाकडे पाहिले नाही. मग एक आजोबा म्हणाले, ‘सिस्टर, आम्हांला पंधरा दिवस द्या.’ त्या पंधरवड्यात ते घरोघर हिंडले. वर्ग राहिला, पुढील वर्षाचे मात्र आश्वासन नाही. दर जूनला ती नोंदवही पुन्हा कोरी असते.

कन्नड शिकावेच लागते आणि शिकावेच; ज्या राज्यात राहायचे तेथील भाषा येणे हा व्यवहार आहे, पराभव नव्हे. इंग्रजीचीही गरज कोणी नाकारीत नाही. प्रश्न उरतो तो तिसऱ्या जागेचा. आणि ती जागा न्यायालय भरत नाही, पालकाची लेखणी भरते.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील वाचकांचीही मुले-नातवंडे अशा मिशनच्या शाळांत शिकत असतील. त्या शाळांशी भांडण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे. प्रवेश-अर्जातील भाषेचा रकाना घरातील वडीलधाऱ्यांनी स्वतः पाहावा. आणि मराठीचा पर्याय तेथे नसेल, तर पालकांनी एकत्र येऊन, किती मुले घेतील त्यांची नावे लिहून, सह्यांसह अर्ज द्यावा. आमच्या वकिलीच्या अनुभवात कलमांनी भरलेल्या नोटिशीपेक्षा नावांनी भरलेली यादी शाळेच्या कचेरीत अधिक काळजीपूर्वक वाचली जाते.