पपईच्या चिकाची सुरी

मिल हिल, लंडन
मंगळवार, रात्री

ती. अण्णांस साष्टांग नमस्कार.

प्रतिपिंडे, म्हणजे शरीरात शिरलेल्या परक्या द्रव्याला नेमके ओळखून जखडणारी रक्तातील प्रथिने, आतून कशी बांधलेली असतात याचा पहिला भरवशाचा उलगडा ज्या टेकडीवर झाला ती आज पाहून झाली. पाहण्यासारखे तेथे काही उरलेले नाही, हे अण्णांनी नकाशा पसरून आधीच बजावले होते, आणि ते खरे ठरले. नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेची हिरव्या तांब्याच्या छपराची अवाढव्य इमारत पाडली गेली, संशोधक शहरात सेंट पँक्रस स्थानकाजवळच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमध्ये गेले, आणि त्या जागी सदनिका उभ्या राहिल्या. त्यांच्या किमती ऐकल्यावर पत्रलेखिकेने तेथे फार रेंगाळणे टाळले. थंडीचा आकडा कळवून अण्णांना तिची कल्पना येणार नाही, कारण ती धुळ्याची कोरडी, उन्हात बसले की उतरणारी थंडी नसून ओली आहे, बाहीतून आत शिरते आणि आईने आग्रहाने दिलेली शाल कोटाच्या आत गुंडाळली तरी हाडांतून हलत नाही. त्यात बसथांब्यावर गारढोण अंड्याच्या सँडविचला चार पौंड मोजावे लागले, म्हणजे सव्वाचारशे रुपयांच्या वर, आणि त्यात मीठ नव्हते.

असो. रॉडनी रॉबर्ट पोर्टर (1917–1985) या टेकडीवर आले ते 1949 मध्ये. केंब्रिजमध्ये ते फ्रेडरिक सँगर यांचे पहिले पीएच.डी. विद्यार्थी होते, आणि प्रथिनाच्या साखळीचे टोक शोधण्याची सँगर यांची युक्ती त्यांनी तेथूनच आणली. प्रथिन म्हणजे एकापुढे एक जोडलेली ॲमिनो अम्ले. साखळीच्या आरंभीच्या अम्लाचा नत्रयुक्त गट मोकळा असतो, त्याला सँगर यांचे अभिकर्मक चिकटते आणि पिवळा रंग येतो, त्यामुळे पिवळी टोके मोजली की साखळ्या किती हे कळावे, असा तो हिशेब. सशाच्या रक्तातील गॅमा ग्लोब्युलिन या प्रतिपिंडयुक्त प्रथिनावर पोर्टर यांनी तो लावला तेव्हा एका रेणूमागे ॲलनीनचे एकच टोक मिळाले, आणि त्यावरून हा सगळा रेणू म्हणजे हजाराहून अधिक अम्लांची एकच लांब साखळी असावी असा निष्कर्ष निघाला. लायनस पॉलिंग यांनी 1940 मध्ये मांडलेल्या कल्पनेशी, म्हणजे एकच साखळी परक्या द्रव्याभोवती घडी घालून त्याचा साचा घेते या कल्पनेशी, तो छान जुळत होता. जुळणाऱ्या गोष्टींवर विश्वास बसतो, आणि येथेच पाणी मुरत होते, कारण रेणूतील मोठ्या साखळ्यांची टोके रासायनिक दृष्ट्या बंद असल्याने त्या मोजणीत आल्याच नव्हत्या.

खोलीतील हीटर बंद आहे. उरलेले उद्या.


लंडन
गुरुवार

पोर्टर यांचा 1959 चा मूळ निबंध बायोकेमिकल जर्नलच्या 73व्या खंडात पान 119 पासून आहे, आणि तो कागदावर पाहण्याचा हट्ट अण्णांचा असल्यामुळे त्यापायी झालेला मनस्तापही अण्णांनाच कळवणे योग्य होय. शहरातील एका ग्रंथालयाच्या खिडकीमागील गृहस्थांनी आधी घरच्या पत्त्याचा पुरावा मागितला. धुळ्याच्या विजेचे बिल मराठीत असल्याने ते त्यांनी उलटसुलट करून परत सरकवले. पारपत्रावर नाइलाजाने समाधान मानल्यावर हाच मजकूर पडद्यावर उपलब्ध असताना छापील खंडाचा अट्टहास कशाला, असे विचारले. आणि अखेर खंड आणण्यास दोन तास लागतील असे सांगून ते स्वतः जेवायला निघून गेले. वाट पाहण्याच्या दालनात बसून, घरी आज भाकरी कोणी केली असेल आणि टाकीच्या गळतीचे काय झाले असेल, एवढाच विचार करणे शक्य होते.

खंड आला तेव्हा मात्र हा सगळा उपद्व्याप सार्थकी लागला. या निबंधातील मुख्य हत्यार पपईचे आहे. कच्च्या पपईच्या चिकात पपेन नावाचे विकर असते. विकर म्हणजे विशिष्ट रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, आणि पपेनची क्रिया म्हणजे इतर प्रथिनांच्या साखळ्या तोडणे. मटण लवकर शिजावे म्हणून शहाद्याची आजी कच्च्या पपईची फोड वाटून लावत असे, ती याच गुणामुळे. पोर्टर यांनी 1950 मध्येच सशाच्या प्रतिपिंडांवर बाजारी, अशुद्ध पपेन घालून पाहिले होते, आणि मूळ रेणूपेक्षा पुष्कळ लहान असूनही परक्या द्रव्याला चिकटण्याची शक्ती टिकवून धरणारे तुकडे त्यांना मिळालेही होते. पण तुकड्यांचे मिश्रण वेगळे करता येत नव्हते आणि अशुद्ध विकरात नेमके काय काय मिसळले आहे हेही सांगता येत नव्हते, म्हणून ते काम तसेच राहिले.

पोर्टर यांच्या संशोधनाचा सगळा कस पत्रलेखिकेच्या मते या मधल्या नऊ वर्षांत आहे, आणि चरित्रपर लेखांत नेमकी हीच वर्षे एका वाक्यात गुंडाळली जातात. वाळलेल्या चिकापासून पपेनचे शुद्ध स्फटिक तयार करण्याची रीत किमेल आणि स्मिथ यांनी 1954 मध्ये दिली. विद्युत्‌भारातील बारीक फरकावर प्रथिने वेगळी करणारे कार्बॉक्सिमेथिल सेल्युलोज 1956 मध्ये आले. आणि ही दोन्ही साधने हाती येताच पोर्टर त्याच जुन्या प्रश्नाकडे परतले. सुरी बोथट असताना कापलेल्याचा अर्थ लावत बसण्यापेक्षा सुरीला धार येईपर्यंत थांबावे, हा संयम प्रयोगशाळेत दिसतो तितका सोपा नाही, कारण तोवर दुसरे कोणी पुढे जाण्याची भीती रोज असते.

गॅमा ग्लोब्युलिनच्या वजनाच्या शंभराव्या भागाएवढे स्फटिकरूप पपेन, त्याला जागे करण्यासाठी थोडे सिस्टीन, आणि शरीराच्या तापमानाला रात्रभराची वाट, एवढ्यावर तो प्रचंड रेणू तीन तुकड्यांत फुटला. पहिले दोन तुकडे विद्युत्‌भारात थोडे निराळे, पण कामात सारखे निघाले, म्हणजे दोघेही परक्या द्रव्याला, ज्याला प्रतिजन म्हणतात त्याला, चिकटत होते. मात्र प्रत्येकाला एकच पकड असल्याने प्रतिजनाच्या रेणूंना एकमेकांशी जोडून साका खाली बसवणे त्यांना जमत नव्हते. तिसरा तुकडा कशालाही चिकटत नव्हता. तो सहजपणे स्फटिक बनत होता, आणि निबंधातील सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. सगळे रेणू जवळजवळ एकसारखे असल्याखेरीज स्फटिक बनत नाही, आणि सशाच्या रक्तातील प्रतिपिंडे तर शेकडो प्रकारच्या परक्या द्रव्यांसाठी वेगवेगळी असतात. अशा सरमिसळीतून स्फटिक मिळाला याचा अर्थ प्रतिपिंडाचा एक भाग सर्वांत समान असतो आणि वैविध्य तेवढे पकड घेणाऱ्या भागांत साठलेले असते. त्या दोन भागांना पुढे एफएबी आणि समान भागाला एफसी अशी नावे पडली.

ब्रिटिश म्युझियम बाहेरून पाहिले. मोठे आहे.


ऑक्सफर्ड
रविवार

पॅडिंग्टनहून गाडी उशिरा सुटली, भाडे मात्र पूर्ण घेतले. स्थानकाच्या शेजारीच सेंट मेरीज रुग्णालय आहे आणि फ्लेमिंग यांची पेनिसिलिनची खोली पाहायला लोक तेथे येतात. परंतु पोर्टर 1960 मध्ये तेथील वैद्यकीय विद्यालयात रोगप्रतिकारशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि प्रतिपिंडाच्या चार साखळ्यांचा आराखडा त्यांनी तेथेच मांडला, याची चौकशी करता दाराशी कोणाला काही सांगता आले नाही.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील जेराल्ड एडेलमन यांनी 1959 मध्ये दाखवले होते की साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे गंधकाचे दुवे, म्हणजे डायसल्फाइड बंध, तोडून त्यावर युरियाचा मारा केला तर रेणूचे घटक सुटे होतात. मात्र त्या उपचारात प्रथिनाचा घाटच विस्कटत असे. पोर्टर आणि त्यांचे सहकारी फ्लाइशमन व पेन यांनी युरिया टाळून बंध हलक्या हाताने तोडले आणि आम्लात साखळ्या अलग केल्या, तेव्हा सुमारे 50,000 रेणुभाराच्या जड आणि सुमारे 20,000 च्या हलक्या साखळ्या मिळाल्या, म्हणजे प्रत्येकी दोन धरल्या तर रेणूचा एकूण भार जवळपास जुळतो. आता कोणती साखळी कोणत्या तुकड्यात, हा प्रश्न उरला. त्यासाठी त्यांनी बोकडांना सशाचे एफएबी आणि एफसी तुकडे टोचून त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे तयार केली. जड साखळीने दोन्ही प्रकारच्या प्रतिपिंडांशी क्रिया केली, हलकीने फक्त एफएबीविरुद्धच्या प्रतिपिंडांशी. म्हणजे हलकी साखळी संपूर्णपणे पकडीच्या भागात आहे आणि जड साखळी दोन्हीकडे पसरलेली आहे. प्रतिपिंडाचा आराखडा शोधायला प्रतिपिंडच वापरलेला हा 1962 चा युक्तिवाद इतका नेटका आहे की अण्णांनी तो वर्गात फळ्यावर का आणला नाही याचे आश्चर्य वाटते. मूळ आकृतीत मात्र आज सर्वत्र दिसणारा वाय आकार नव्हता. तो 1967 मध्ये व्हॅलेंटाइन आणि ग्रीन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, आणि तोही मिल हिललाच.

त्याच वर्षी हान्स क्रेब्ज यांच्या निवृत्तीनंतर पोर्टर ऑक्सफर्डला जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. त्यांना आणि एडेलमन यांना 1972 चे नोबेल विभागून मिळाले, तोवर ते पुढच्या प्रश्नाकडे वळले होते, तो म्हणजे पूरक प्रथिने. रक्तातील ही प्रथिनांची मालिका प्रतिपिंडाने पकड घेतल्यावर त्याच्या एफसी भागाला बिलगून जागी होते आणि जंतूच्या आवरणाला भोके पाडण्यापर्यंत जाते. निवृत्तीच्या तोंडावर 1985 मध्ये मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. गावातील घुमट, मनोरे आणि महाविद्यालये यांची चित्रे आत्याकडच्या कॅलेंडरात आहेतच.

शहाद्याहून काकांनी कळवले की घोणस चावलेल्या सदूची पायाची सूज उतरली, पण औषध देताना अंगभर गांधी उठल्या होत्या. त्याचा या सर्वाशी थेट संबंध आहे. भारतात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर मिळून दिले जाणारे प्रतिविष घोड्याच्या प्रतिपिंडांचे असते, आणि ती पपेनने नव्हे तर पेप्सिन या जठरातील विकराने कापलेली असतात. पपेनचा घाव जड साखळ्यांना जोडणाऱ्या बंधांच्या अलीकडे बसतो, म्हणून पकड घेणारे दोन्ही हात, म्हणजे एफएबी, सुटे होतात. पेप्सिनचा पलीकडे बसतो, म्हणून दोन्ही हात जोडलेलेच राहतात, हे निसोनॉफ यांनी 1960 मध्ये दाखवले. घोड्याचा एफसी भाग निघून गेल्याने पूरक प्रथिने विनाकारण खवळण्याचा धोका कमी होतो, पण हात तरी घोड्याचेच, त्यामुळे गांधी उठणे किंवा त्याहून गंभीर त्रास पूर्णपणे टळत नाही आणि डॉक्टरांना ॲड्रिनलिन हाताशी ठेवावे लागते. काकांनी दवाखान्यातून मागून आणलेल्या रिकाम्या कुपीवर विकराचा उल्लेख आहे का, ते अण्णांनी चष्मा लावून वाचावे आणि कळवावे. आणि टाकीवाल्याला उरलेले पैसे गळती थांबल्याखेरीज देऊ नयेत.

वसुधाचा नमस्कार