कॅज्युअल्टीतली गर्दी आणि वरच्या मजल्यावरची खाट

जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात रात्री नऊच्या सुमारास कॅज्युअल्टीबाहेर जी गर्दी असते, तिची कारणं आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ आहेत. डॉक्टर अपुरे आहेत, लोक किरकोळ दुखण्यांसाठी येतात, कर्मचाऱ्यांना माणुसकी राहिलेली नाही. मनुष्यबळ अपुरं आहे हे खरंच आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. तरीही मला असं ठामपणे वाटतं, की या ताटकळण्याचा मोठा भाग कॅज्युअल्टीच्या हातातच नसतो. तो वरच्या वॉर्डांमध्ये साठत जातो आणि खाली येऊन दिसतो. ज्या डॉक्टरांवर आणि सिस्टरांवर लोक ओरडतात, प्रसंगी हात उचलतात, त्यांच्याकडे ही कोंडी फोडण्याचा अधिकारच नसतो. म्हणून इथल्या वाट पाहण्याचा हिशेब संपूर्ण रुग्णालयाकडे मागितला पाहिजे.

धाप लागलेल्या एखाद्या वयस्क रुग्णाचा प्रवास पाहिला म्हणजे हे स्पष्ट होतं. केसपेपर निघतो, सीएमओ तपासतात, ऑक्सिजन लागतो, ईसीजी निघतो, रक्त तपासणीला जातं, कॉलवरचे फिजिशियन येऊन ‘ॲडमिट’ असा शेरा मारतात. इथवर काम बऱ्यापैकी वेगाने झालेलं असतं. मग वॉर्डातून निरोप येतो, बेड रिकामा नाही. त्या क्षणापासून हा रुग्ण कागदोपत्री वॉर्डाचा असतो, पण झोपलेला असतो कॅज्युअल्टीच्या स्ट्रेचरवर. तिथला ऑक्सिजनचा पॉइंट त्याने अडवलेला असतो आणि एका सिस्टरचं निम्मं लक्ष त्याच्यात गुंतलेलं असतं. दारातला पुढचा रुग्ण थांबतो तो या स्ट्रेचरसाठी. आणि वर? सकाळच्या राउंडला घरी जायची परवानगी मिळालेले दोघे-तिघे दुपार टळली तरी खाटेवरच असतात. कुणाचं डिस्चार्ज कार्ड लिहून व्हायचंय, कुणाचा शेवटचा रिपोर्ट लॅबमधून यायचाय, कुणाला गावाकडे न्यायला गाडी यायचीय. संध्याकाळी खाट मोकळी होते, ती झाडून-पुसून तयार होईपर्यंत कॅज्युअल्टीत पुढची रांग लागलेली असते.

हा नुसता तर्क नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने 2000 सालच्या आराखड्यात नियम केला, की तातडीच्या विभागात आलेला रुग्ण चार तासांच्या आत तपासून घरी पाठवला जावा किंवा वॉर्डात दाखल व्हावा. घड्याळ थांबायचं ते रुग्णाने विभाग सोडल्यावर, त्यामुळे वरच्या मजल्यांनाही हलावं लागलं. आधी 98 टक्के रुग्णांसाठी असलेलं हे उद्दिष्ट 2010 मध्ये 95 टक्क्यांवर आणलं गेलं आणि जुलै 2015 नंतर देशपातळीवर ते एकदाही गाठता आलेलं नाही. डिसेंबर 2022 मध्ये प्रमाण 65 टक्क्यांवर घसरलं. त्या एका महिन्यात दाखल करायचा निर्णय झाल्यानंतरही 54 हजारांहून अधिक रुग्ण खाटेसाठी बारा तासांपेक्षा जास्त थांबले. डॉक्टरांनी त्यांना तपासलं होतं, निर्णयही दिला होता, अडलं होतं ते खाटेवर. बरे झालेले वृद्ध रुग्ण घरी सांभाळायची सोय नाही म्हणून वॉर्डात अडकून पडतात, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. या थांबण्याची किंमतही मोजली गेली आहे. तिथल्या पन्नास लाखांहून अधिक दाखल रुग्णांच्या नोंदी तपासून 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की वॉर्डात जायला सहा ते आठ तासांहून अधिक उशीर झालेल्या दर 82 रुग्णांमागे एक जादा मृत्यू होतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. सर्दी-खोकल्यावाले, ड्रेसिंगवाले कॅज्युअल्टीत आले नाहीत तर गर्दी आपोआप ओसरेल. हे पटण्याजोगं वाटतं, कारण डोळ्यांना तेच लोक जास्त दिसतात. पण साध्या दुखण्याचा रुग्ण एक गोळी, एक इंजेक्शन घेऊन निघून जातो, त्याला खाट लागत नाही. कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांतात हे आकड्यांत तपासलं गेलं. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार आठ तासांत असे दहा रुग्ण वाढले, तर बाकीच्यांचा विभागातला मुक्काम सरासरी साडेपाच मिनिटांनीही वाढत नाही. शिवाय आपल्याकडे ओपीडी दुपारी बंद होते आणि मजुरीवर जाणारा माणूस संध्याकाळी मोकळा होतो. त्याने जावं कुठे? त्याच्यासाठी संध्याकाळची ओपीडी हवीच, पण ती सुरू झाल्याने धाप लागलेल्या रुग्णाला खाट मिळणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घड्याळ लावलं की माणसं रुग्णाऐवजी घड्याळाची सेवा करू लागतात. इंग्लंडमध्ये चार तास भरत येताना शेवटच्या काही मिनिटांत रुग्ण हलवण्याची घाई आकड्यांत दिसून आली. स्टॅफर्डच्या रुग्णालयातल्या हेळसांडीच्या चौकशीचा जो अहवाल 2013 मध्ये आला, त्यातही उद्दिष्टांच्या दडपणावर कठोर टीका होती. ही टीका मला मान्य आहे. उद्दिष्ट चुकल्याबद्दल खालच्या माणसाला शिक्षा होत असेल तर खोट्या नोंदी होणारच. पण यावरून शिकायचं ते इतकंच, की वेळ मोजावी कारण शोधण्यासाठी, कुणाची मान पकडण्यासाठी नव्हे. मोजायचंच सोडून दिलं तर उशीर कमी होत नाही, फक्त त्याची जबाबदारी कुणावर राहत नाही.

तिसरा आक्षेप आपल्या परिस्थितीचा. आपल्याकडे खाटाच मुळात कमी, तिथे श्रीमंत देशांच्या गोष्टी कशाला? खाटा वाढायलाच हव्यात, त्यात वादच नाही. मात्र आपलं सरकारी रुग्णालय जागा नाही म्हणून सहसा दार लावत नाही, ते जमिनीवर गादी टाकतं, आणि त्यामुळे ही टंचाई कुठल्याच आकड्यात नीट उतरत नाही. केसपेपरवर चार वेळा लिहायला पैसे लागत नाहीत: रुग्ण आला कधी, डॉक्टरांनी पाहिलं कधी, दाखल करायचं ठरलं कधी आणि तो खाटेवर पोहोचला कधी. डिस्चार्ज कार्ड आदल्या संध्याकाळी तयार ठेवायला नवी इमारत लागत नाही. एका रुग्णालयात जागा नसेल तर दुसरीकडे कुठे आहे हे सांगणारी यंत्रणा हवी, हे तर सर्वोच्च न्यायालयाने 1996 सालीच सांगितलं आहे. रेल्वेतून पडून डोक्याला जबर मार लागलेल्या मजुराला कोलकात्यातल्या एकामागून एका सरकारी रुग्णालयाने परत पाठवलं होतं. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या त्या खटल्यात न्यायालयाने वेळेवर उपचार न मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि पैशाची अडचण ही सबब अमान्य केली.

म्हणूनच जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सकाळच्या बैठकीत पहिला प्रश्न कॅज्युअल्टीच्या प्रमुखांना नव्हे, तर प्रत्येक वॉर्डाच्या प्रमुखांना विचारला गेला पाहिजे: काल रात्री तुमच्या नावावर दाखल झालेला रुग्ण खाली किती तास पडून होता आणि का? याचं उत्तर रोज नोंदवलं जावं आणि नातेवाइकांना वाचता येईल अशा फलकावर लागावं. का थांबायचं आणि साधारण किती थांबायचं हे कळलेला माणूस बराच धीर धरतो. काहीच न कळता तासन्‌तास उभा ठेवलेला माणूस मात्र समोर दिसेल त्याच्यावर राग काढतो. डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला राज्यात 2010 पासून कायदा आहे आणि तो असायलाच हवा. पण आजारी माणूस आणि त्याला तपासणारा डॉक्टर हे एकमेकांचे शत्रू नाहीत, दोघेही एकाच खाटेची वाट पाहत आहेत. ती खाट वेळेत मोकळी करणं हे संपूर्ण रुग्णालयाचं काम आहे, आणि ते तसं मानलं जात नाही तोवर कॅज्युअल्टीत कितीही स्ट्रेचर वाढवले तरी त्यांवर ताटकळणारे रुग्णच वाढतील.