थांबायचे कसे? चाकांच्या बुटांवरून पडलेल्या प्रौढांची गोष्ट

१/
पुण्यातल्या एका गृहसंकुलाचे वाहनतळ, संध्याकाळी साडेसहाची वेळ. हेल्मेट घातलेली पंधरा-वीस मुले खांबांना वळसे घालत सुसाट फिरत आहेत. भिंतीला एक हात टेकून त्रेचाळीस वर्षांची एक बाई उभी आहे. तिच्या पायांत आयुष्यातले पहिले इनलाइन स्केट्स आहेत. कठड्यावर बसलेल्या आया आपण तिच्याकडे पाहत नाही, हे फार काळजीपूर्वक दाखवत आहेत.

२/
वर्गात नाव नोंदवताना तिला विचारले गेले होते, "मुलाचे वय किती?" तिने स्वतःचे वय सांगितले आणि फोनवर क्षणभर शांतता पसरली. स्केटिंग हा मुलांचा खेळ, मोठ्यांनी त्यात शिरणे म्हणजे हसे करून घेणे, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. इतिहासाची साक्ष मात्र उलटी आहे. हे बूट घडवले प्रौढांनी, आणि बराच काळ त्यांवरून पडलेही प्रौढच.

३/
या पडण्याची पहिली प्रसिद्ध कथा लंडनमधली. जॉन जोसेफ मर्लिन हा आजच्या बेल्जियममधल्या युई गावी १७३५ साली जन्मलेला यंत्रकार. स्पेनच्या राजदूताबरोबर तो १७६० मध्ये लंडनला आला. घड्याळे, वाद्ये, आजाऱ्याला स्वतःच्या हातांनी चालवता येईल अशी चाकांची खुर्ची, असे काय काय त्याने बनवले. गेन्सबरोसारख्या चित्रकाराने त्याचे व्यक्तिचित्र काढले. हाताखालच्या प्रत्येक यंत्राला वेसण घालणारा हा माणूस स्वतःच्या पायांखालच्या यंत्रापुढे मात्र हरला.

४/
सोहो स्क्वेअरमधल्या कार्लाइल हाउसमध्ये मुखवटे घालून जमण्याचे मेळावे भरत. अशाच एका मेळाव्यात मर्लिन चाकांचे बूट घालून, व्हायोलिन वाजवत अवतरला आणि थेट एका भल्यामोठ्या आरशावर जाऊन आदळला. आरसा पाचशे पौंडांहून अधिक किमतीचा. तो फुटला, व्हायोलिनचे तुकडे झाले आणि मर्लिन चांगलाच जखमी झाला.

५/
ही कथा टॉमस बझ्बीच्या १८२५ च्या पुस्तकात येते, म्हणजे मर्लिनच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. तिला मधल्या काळात थोडे तिखटमीठ लागले असेलही. पण बझ्बी अपघाताचे जे कारण देतो ते अगदी खरे वाटते. मर्लिनने वेग आवरण्याची आणि दिशा बदलण्याची काहीच सोय केलेली नव्हती. चालू लागण्याची विद्या त्याला आली होती, थांबण्याची नव्हती.

६/
वाहनतळातल्या बाईंची पहिल्या आठवड्यातली अडचण नेमकी हीच होती. सरांनी आधी चालायला शिकवलेच नाही, पडायला शिकवले. तोल गेला की मागे रेलायचे नाही. गुडघे वाकवायचे, पुढे झुकायचे आणि गुडघ्यांच्या, कोपरांच्या गार्डवर घसरायचे. ऐकायला सोपे वाटते. पण चाळीस वर्षे न पडण्याचाच सराव केलेल्या शरीराला मुद्दाम पडायला सांगणे म्हणजे त्याच्या सगळ्या शहाणपणाशी भांडणे.

७/
पडताना माणूस आपसूक हात पुढे करतो आणि सगळा भार मनगटावर येतो. १९९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात मनगटाचे गार्ड न वापरणाऱ्यांमध्ये मनगट दुखावण्याची शक्यता दहा पटींहून अधिक आढळली होती. हेल्मेटबरोबर हे गार्डही घालावेत, हे जाता जाता.

८/
मोठ्या माणसाची दुसरी खोड म्हणजे भीती वाटली की ताठ उभे राहणे. ताठ उभे राहिले की तोल आणखी जातो. दोन वेण्या घातलेली सात वर्षांची एक मुलगी तिच्याभोवती घिरट्या घालत रोज एकच सांगे, "काकू, गुडघे वाकवा. आणि खाली नका बघू." यात उपहास नव्हता. पायात चाके असलेल्या माणसाला वय असते, हे त्या मुलीच्या गावीही नव्हते.

९/
मर्लिननंतर हे कोडे अनेकांनी हाती घेतले. १८१९ मध्ये पॅरिसच्या पेतिब्लेने एका ओळीत चाके असलेल्या बुटाचे पेटंट घेतले. तो सरळ जाई, वळणे कठीण. १८२३ मध्ये लंडनच्या पिकॅडिलीतला फळविक्रेता रॉबर्ट जॉन टायर्स याने एका ओळीत पाच चाके बसवली. फळे विकता विकता त्याला हे कसे सुचले असेल! १८४९ मध्ये मायरबेअरच्या 'ल प्रोफेत' या ऑपेरात पॅरिसच्या रंगमंचावर गोठलेले तळे अवतरले आणि नर्तक चाकांवरून त्यावर घसरले. पण ते कसलेले नर्तक होते. साध्या माणसाचे काय?

१०/
त्याचे उत्तर जेम्स लिओनार्ड प्लिम्प्टन या न्यूयॉर्कमधल्या फर्निचरच्या व्यापाऱ्याने दिले. पस्तिशीला टेकलेल्या प्लिम्प्टनला प्रकृतीसाठी बर्फावरच्या स्केटिंगचा सल्ला मिळाला होता. बर्फ वितळला की व्यायाम बंद. म्हणून तो चाकांच्या बुटांकडे वळला आणि ते त्याला आवरेनात. म्हणजे हा शोध एखाद्या निष्णात खेळाडूचा नाही, अडखळणाऱ्या प्रौढ शिकाऊचा आहे. या साऱ्या इतिहासातली सर्वांत सुखद गोष्ट बहुधा हीच.

११/
जानेवारी १८६३ च्या त्याच्या पेटंटमधली युक्ती अशी. दोन चाके पुढे, दोन मागे, आणि प्रत्येक जोडीचा आस व तळवा यांच्यामध्ये रबराची गादी. पाऊल डावीकडे कलले की रबर दबते आणि आस किंचित वळतात. माणूस डावीकडे वळतो. पाय उचलायला नको, बूट फरफटायला नको, नुसते झुकले की पुरे. ज्या झुकण्याची शिकाऊला धास्ती असते, त्यालाच प्लिम्प्टनने सुकाणू केले.

१२/
आपल्या फर्निचरच्या जागेतच त्याने स्केटिंगसाठी जमीन तयार केली आणि १८६६ मध्ये न्यूपोर्टच्या अटलांटिक हाउस या हॉटेलचे भोजनगृह घेऊन तिथे रिंक थाटली. तो स्केट्स विकत नसे, भाड्याने देई. गिऱ्हाईक होते प्रतिष्ठित स्त्री-पुरुष, म्हणजे मोठी माणसे. दहा वर्षांत ही लाट इंग्लंडभर पसरली आणि पेटंटसाठी त्याला तिथे कोर्टात भांडावे लागले. लांब झग्यातल्या स्त्रियांना चारचौघांत धावण्याची, पडण्याची आणि परक्या पुरुषाचा हात धरून उठण्याची मुभा देणाऱ्या जागा त्या काळी फारशा नव्हत्या.

१३/
मग स्केट्स मुलांचे कधी झाले? १८८४ मध्ये लेव्हंट रिचर्डसनने पोलादी गोळ्यांच्या बेअरिंगचे स्केट्स आणले आणि चाके हलकी फिरू लागली. पुढे बुटाला किल्लीने आवळायचे स्वस्त पोलादी स्केट्स निघाले आणि ते पदपथांवर मुलांच्या पायांत गेले. मोठ्यांच्या पायांत चाके पुन्हा जोमाने आली ती १९८० नंतर. मिनियापोलिसच्या स्कॉट ओल्सन या हॉकीपटूला उन्हाळ्यात बर्फाविना सराव हवा होता. त्याने एका ओळीतल्या चाकांचा जुना नमुना हुडकून सुधारला, हॉकीच्या बुटाला जोडला. चाके पॉलियुरेथेनची झाली आणि टाचेला रबरी ब्रेक आला.

१४/
हा टाचेचा ब्रेक मोठा विचित्र. थांबायचे तर ब्रेकचा पाय पुढे सरकवायचा, बोटे वर उचलायची, आणि खुर्चीवर बसावे तसे खाली बसत टाचेवर भार टाकायचा. वेगाची भीती वाटत असताना एक पाय आणखी पुढे न्यायचा! १९९० च्या दशकात पोटरीने दाब दिला की लागणारे, चाके न उचलता थांबवणारे ब्रेक निघाले, ते याच भीतीपोटी.

१५/
बाईंचे स्केट्स साध्या ब्रेकचे होते. सोळा दिवस त्यांनी भिंतीलाच ब्रेक मानले. सतराव्या दिवशी त्या मधल्या खांबापासून निघाल्या आणि भिंत यायच्या आधी उजवा पाय पुढे गेला, टाच दबली, रबर कर्कश ओरडले. त्या थांबल्या. भिंत अजून दोन हात दूर होती. कठड्यावरच्या आयांपैकी एकीने मोबाइलमधून मान वर केली. वेण्यावाली मुलगी तोवर तिसऱ्या खांबापाशी पोचली होती. तिथूनच ओरडली, "काकू, आता न घाबरता!"

१६/
पुढच्या सोमवारी कठड्यावरून एक आई खाली उतरली. सरांना तिने हळूच विचारले, "माझ्या मापाचे मिळतील का?"