उतरंड उतरवताना

भोकरदन तालुक्यातलं केदारखेडा हे माझं गाव. कामाच्या फाइलीत मात्र ते एक महसूल मंडळ आहे: एका दिवसाची एक ओळ, ओळीत पावसाचा एक आकडा. त्या आकड्याला नाव द्यायचं, हे माझं काम. हवामान खात्याच्या प्रतवारीत २.५ मिलिमीटरपासून हलका पाऊस, १५.६ पासून मध्यम, ६४.५ पासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार.

आर या संगणकीय भाषेत हे मी वर्षानुवर्षं ‘इफएल्स’ या फंक्शननं केलं. इतका असेल तर हलका, नसेल तर... त्या ‘नसेल’च्या पोटात दुसरं ‘असेल तर’, त्याच्या पोटात तिसरं, आणि शेवटी बंद करायच्या कंसांची रांग. आजीच्या घरात मडक्यांची उतरंड असे. मधल्या मडक्यातले मूग हवे असले की वरची सगळी मडकी खाली घ्यावी लागत. माझा कोड तसाच झाला होता. शिवाय ‘इफएल्स’ तारखेचं तारीखपण काढून घेतं. १५ जून २०२३ ही पेरणीची तारीख त्यातून १९५२३ होऊन बाहेर येते.

एकदा ओसरीवर काम करत बसलो होतो. गावातले शेतकरी तात्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, “पासष्ट बरोबर पडला तं धरतो का सोडतो?”

मला लगेच सांगता आलं नाही. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की अतिवृष्टी धरतात, आणि पंचनाम्याची, मदतीची चर्चा तिथून सुरू होते. तात्यांचा प्रश्न म्हणजे पाण्याखाली गेलेल्या कपाशीचा प्रश्न होता. मी कंस मोजत आत गेलो, तर एके ठिकाणी ‘पेक्षा जास्त’ लिहिलेलं आणि दुसरीकडे ‘इतका किंवा जास्त’. दोन्ही मीच लिहिलेलं.

त्या रात्री उतरंड मोडली. आकड्यांच्या पट्ट्यांसाठी आरमधलं ‘कट’ हे फंक्शन घेतलं. त्यात सीमेवरचा आकडा आपोआप खालच्या पट्टीत जातो. वर न्यायचा तर तसं सांगावं लागतं. खात्याच्या प्रतवारीत ६४.५ हा स्वतः मुसळधारमध्ये येतो, तर ‘६५ च्या वर’ म्हटल्यावर ६५ बाहेर राहतो. दोन नियमांची तोंडं दोन दिशांना. एवढी वर्षं ते मला दिसलं नव्हतं, कारण नियम कुठे एका जागी मांडलेलाच नव्हता. पिकांच्या नावांना तर अटच नको होती: कपाशी, पऱ्हाटी, कापूस, तिघांसमोर एकच शब्द, असा दोन रकान्यांचा तक्ता करून फाइलीला जोडला. नवं नाव आलं की एक ओळ वाढवायची, कोडला हात लावायचा नाही.

जिथे दोन-तीन रकाने मिळून निर्णय होतो, तिथे ‘केस-व्हेन’. आरच्या डीप्लायर या पॅकेजमध्ये ते २०१६ साली आलं. अटी एकाखाली एक लिहायच्या; वरून पहिली जी खरी ठरेल ती लागू. वाचायला इतकं सरळ की मी बेसावध झालो. शेवटच्या ओळीत ‘बाकी सगळे कोरडे’ असं लिहून टाकलं.

‘इफएल्स’ला रिकामी नोंद दिली तर उत्तरही रिकामंच येतं. ‘केस-व्हेन’ मात्र रिकाम्या नोंदीला प्रत्येक अटीवर नाही म्हणत शेवटच्या ओळीपर्यंत आणतं. ज्या दिवसांची नोंदच आली नव्हती, ते माझ्या फाइलीत कोरडे दिवस झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये पावसानं दडी मारली होती, विम्याच्या आगाऊ भरपाईसाठी २१ दिवसांच्या खंडाचा हिशेब गावोगाव चालला होता. त्यामुळे दुसऱ्या एका वर्षात दिसलेला लांब खंडही मला खराच वाटला. तात्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “त्या हप्त्यात तं वढ्याला पाणी होतं रे.”

आता अटींच्या तक्त्याची पहिली ओळ ‘नोंद नाही’ अशी आहे. पावसाच्या अटी त्यानंतर. तक्ता छापून तात्यांना दिला. त्यांनी बाकी पट्ट्या सोडून त्या ओळीवर बोट ठेवलं आणि त्या आठवड्यात कोणत्या दिवशी किती वेळ पडला, बांध कुठे फुटला, ते सांगू लागले. मी ते वहीत लिहून घेतलं. फाइलीतल्या त्या ओळी कोऱ्याच ठेवल्या आहेत.