आठाची गाठ

मंडळी, मराठीत गाठींची श्रीमंती मोठी. सुरगाठ, निरगाठ, लग्नगाठ, खूणगाठ... रुसवाफुगवा झाला की मनात गाठ बसते आणि भांडण पेटले की "गाठ माझ्याशी आहे" म्हणून आपण दम भरतो. शाळेत या शब्दांवर मी अख्खा तास घेत असे. पण गाठ म्हणजे कुणाचा तरी जीव टांगायची जागा असते, हे मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळले, आणि तेही नातीकडून.

नात इंजिनिअरिंगला आहे. सुट्टी लागली की पाठीवर पिशवी टाकून किल्ले हिंडते. तिथवर ठीक होते. या हिवाळ्यात मात्र तिने जाहीर केले, की खंडाळ्याच्या नागफणीवरून दोराने खाली उतरायचे आहे. सूनबाई घाबरली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, तुम्हीच सांगा तिला. तुमचं ऐकेल ती."

ऐकेल हे मला ठाऊक होते, म्हणूनच जबाबदारी वाटली. मी नातीला एवढेच म्हटले, "कशाच्या भरवशावर लोंबकळणार आहेस, ते आधी मला दाखव."

तिने दोर आणला. करंगळीएवढा जाड, अकरा मिलिमीटरचा. बाहेर विणलेली खोळ आणि आत नायलॉनच्या धाग्यांचा गाभा. युरोपीय मानकानुसार असा दोर किमान २२ किलोन्यूटन ताण सोसतो, म्हणजे दोन हजार किलोंच्याही वर. "मग गाठीची एवढी काळजी कशाला?" मी विचारले. "आजी, दोर वाकला की कमजोर होतो. वळणावर बाहेरचे धागे ताणले जातात, आतल्यांना काम उरत नाही. ही गाठ चांगल्यातली, तरी दोराची ताकद वीस-पंचवीस टक्क्यांनी कमी होतेच."

ती गाठ म्हणजे आठाची गाठ. आपला मराठी आठ नव्हे हं, त्याला पोटच नाही! इंग्रजी आठ, दोन पोटांचा. दोर दुमडून दुपदरी करायचा. दुमडलेले टोक मूळ दोरावरून नेऊन एक फेरा करायचा. मग ते मूळ दोराच्या मागून फिरवून पुढे आणायचे आणि पुढच्याच बाजूने त्या फेऱ्यातून ओवायचे. फास तयार. आपल्या साध्या गाठीपेक्षा यात अर्धा वेढा जास्त, पण त्यामुळे दोराचे वळण सौम्य होते आणि भार येऊन गेल्यावर गाठ सोडवणेही सोपे जाते. म्हणजे धरताना निरगाठ आणि सोडताना जवळजवळ सुरगाठ!

चौथ्या प्रयत्नाला मला जमली. नात म्हणाली, "जमली, पण नीट बसव." दोन्ही पदर शेजारी शेजारी हवेत, एकमेकांवर चढलेले नकोत. मग चारही पदर एकेक करून ओढून घट्ट करायचे. सुटे शेपूट किमान वीतभर ठेवायचे. ही गाठ गिर्यारोहकांना आवडते ती नुसत्या ताकदीसाठी नाही. चुकली असेल तर लांबूनही दिसते, म्हणून. व्यवस्थित ओळी पाळणाऱ्या मुलाची वही तपासायला सोपी असते, तसे.

पुढचा धडा कातळाचा. कड्याच्या माथ्यावर खडकाला भोक पाडून बोल्ट ठोकलेले असतात. एकावर कधीच भिस्त ठेवायची नाही, निदान दोन हवेत. दोन्हींकडून आलेले दोर खाली एका ठिकाणी मिळतात, आणि त्यांच्यातला कोन महत्त्वाचा. साठ अंशांच्या आत असेल तर उत्तम. एकशेवीस अंश झाला, तर प्रत्येक बोल्टवर पूर्ण वजन येते, मग दोन असून उपयोग काय? हे मला लगेच पटले. लहानपणी विहिरीवरून भरलेली घागर दोघी बहिणी काठीऐवजी दोरीने धरून आणायचो. जवळ जवळ चाललो की हलकी वाटायची, लांब लांब झालो की हात तुटायचे.

नातीने मग एक गोष्ट सांगितली. लिन हिल ही अमेरिकेची जगप्रसिद्ध गिर्यारोहक. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या ब्यू इथे कडा चढताना तिने कमरेच्या पट्ट्याला दोर ओवला, पण गाठ पुरी केली नाही. लक्ष दुसरीकडे गेले. वर पोचून तिने दोरावर भार टाकला, आणि सत्तरेक फूट खाली आली. झाडाच्या फांद्यांमुळे वाचली. हीच बाई पुढे १९९३ मध्ये एल कॅपिटनचा 'नोज' हा मार्ग फक्त हातापायांच्या बळावर चढली, तसे करणारी ती पहिलीच माणूस. म्हणजे चुकते ते अडाण्याचेच असे नाही. हात सरावलेला असला की मन भटकते.

"म्हणून आम्ही स्वतःची गाठ दुसऱ्याला दाखवतो. नवखा असो की सर, प्रत्येकाची तपासायचीच," नात म्हणाली.

या वाक्यावर माझे मत बदलले. मला भीती दोराची नव्हती, तिच्या वयाच्या बेफिकिरीची होती. पण जी मुलगी आपली गाठ दुसऱ्याला तपासू देते, तिला बेफिकीर कसे म्हणायचे? आपण मोठी माणसे तरी आपल्या गाठी कुणाला दाखवतो का?

सूनबाईला मी सांगितले, "जाऊ दे तिला. चांगल्या शिकवणाऱ्यांबरोबर जातेय ना, एवढं मात्र तू आणि मुलगा जाऊन बघून या." दोघे जाऊन आले. सूनबाई अजूनही धास्तावलेली आहे, मीही आहे. ती नागफणीवरून उतरली त्या दिवशी दुपारी आम्ही दोघी फोनपाशीच बसलो होतो, जेवण तसेच राहिले. साडेतीनला तिचा फोन आला.

पहिला प्रश्न सूनबाईने विचारला, "गाठ कुणी तपासली होती?"