हजार डॉलरचा विसार

३१ मार्च २०१६ च्या सकाळी अमेरिकेतील अनेक शहरांत टेस्ला कंपनीच्या दुकानांपुढे माणसे रांगा लावून उभी होती. जी गाडी घ्यायची ती त्यांपैकी कोणी पाहिलेली नव्हती; तिचे अनावरण त्याच रात्री कॅलिफोर्नियातील हॉथॉर्न येथे व्हायचे होते. ठाऊक होते ते एवढेच की मॉडेल थ्री नावाची विजेवर चालणारी सेडान येणार, तिची किंमत ३५ हजार डॉलरपासून सुरू होणार आणि आज हजार डॉलर भरले तर रांगेत नाव लागणार. माल न पाहता विसार देणे हे कोणत्याही पेढीवर शहाणपणाचे मानले जात नाही. तरीही पहिल्या चोवीस तासांत सुमारे १ लाख ८० हजार आणि पहिल्या आठवड्यात सव्वातीन लाख नावे नोंदली गेली.

हजार गुणिले सव्वातीन लाख म्हणजे साडेबत्तीस कोटी डॉलर. विसार मागाल तेव्हा परत मिळणार होता, म्हणून ग्राहकाला वाटले की आपले काहीच अडकलेले नाही. कंपनीच्या वहीत पाहिले तर ती बिनव्याजी आणि बिनतारणी ठेव होती. बँकेत ठेव ठेवणाऱ्याला निदान व्याज आणि ठेवविम्याचे संरक्षण मिळते. या ठेवीदाराच्या हाती केवळ एक पावती होती.

गाडी हाती येण्यास दीड वर्ष तरी लागणार होते. हा मोकळा काळ लोकांनी अंदाज बांधण्यात घालवला, आणि हे अंदाज मोठे चवदार होते. अनावरणात दाखविलेल्या गाडीत चालकासमोर गतिमापक नव्हता, कसला काटा नव्हता; मधोमध पंधरा इंचांचा एक आडवा पडदा तेवढा होता. एवढी मोठी कंपनी चालकाला वेग पाहण्यासाठी मान वळवायला लावील हे कोणाच्या गळी उतरेना. तेव्हा ठरले की समोरच्या काचेवरच आकडे उमटविणारी काही योजना असली पाहिजे आणि कंपनी ती मुद्दाम गुप्त ठेवीत आहे. प्रमुख ईलॉन मस्क यांनी खरी चालनव्यवस्था पाहाल तेव्हा अंतराळयानात बसल्यासारखे वाटेल अशा अर्थाचे एक वाक्य टाकून दिले होते. त्या एका वाक्यावर किती इमले उभे राहिले! पुढे त्यांनीच काचेवरचे आकडे येणार नाहीत असे स्पष्ट केले, तरी कित्येकांनी आशा सोडली नाही. शेवटी आली ती गाडी जशी दाखविली होती तशीच, मधल्या पडद्याची.

छपराच्या काचेत सौरपट्ट्या बसवून मिळतील हाही असाच एक अंदाज. त्याला मस्क यांच्याच एका उद्गाराचा आधार होता. तो पर्याय आला नाही. महामार्गावरील जलद प्रभारण केंद्रांवर वीज फुकट मिळेल, कारण महागड्या मॉडेल एसच्या ग्राहकांना ती मिळत होती, असेही अनेकांनी गृहीत धरले. ती विकतच घ्यावी लागली. बॅटरी किती किलोवॅट-तासांची असेल यावर तर पानेच्या पाने गणिते झाली; वजन किती, दोन चाकांमधील अंतर किती, त्यात किती सेल बसतील. कंपनीने गाडी आणताना ते परिमाणच बाजूला ठेवले आणि फक्त मैल सांगितले: साधी बॅटरी २२० मैल, मोठी ३१० मैल.

ज्यांचे अंदाज बरोबर निघाले त्यांनी गाडीकडे न पाहता कारखान्याकडे पाहिले होते. कंपनीच्या आधीच्या मॉडेल एक्स या गाडीत वर उघडणाऱ्या दारांपासून इतक्या नव्या गोष्टी एकदम घातल्या गेल्या की ती बनविता बनविता कंपनी मेटाकुटीला आली. मस्क यांनी ती चूक जाहीरपणे मान्यही केली होती. दूध पोळलेला ताकही फुंकून पितो. म्हणून नवी गाडी साधी असेल, पर्याय कमी असतील, आणि प्रथम नफा अधिक देणारी आवृत्तीच बनेल, असे या मंडळींनी सांगितले. व्यापार करणाऱ्या कोणालाही हे सुचायला हरकत नव्हती. पण ३५ हजारांचा आकडा कानात बसला होता आणि तो निघेना.

२८ जुलै २०१७ रोजी फ्रीमाँटच्या कारखान्यात पहिल्या तीस गाड्या दिल्या गेल्या आणि दरपत्रक उघड झाले. मूळ किंमत ३५ हजार. मोठी बॅटरी ९ हजार. उत्तम अंतर्सजावट, तापणाऱ्या बैठकी इत्यादींचा संच ५ हजार. चालकाला साहाय्य करणारी स्वयंचलित यंत्रणा ५ हजार. भविष्यात गाडी आपोआप चालेल त्या सोयीसाठी ३ हजार. काळ्याखेरीज कोणताही रंग १ हजार. मोठी चाके दीड हजार. सगळे घेतले तर बेरीज ५९,५०० डॉलर. न घेण्याची मुभा होती, पण कागदावर. आरंभी बनणाऱ्या प्रत्येक गाडीत मोठी बॅटरी आणि अंतर्सजावटीचा संच सक्तीने असणार होता, म्हणजे खरी सुरुवात ४९ हजारांना. बैठकींना चामडे नव्हते, कृत्रिम साहित्य होते, ही मात्र आपल्या वाचकांना बरी वाटावी अशी गोष्ट. सुकाणूचक्रावरचे चामडे तेवढे काही काळ राहिले.

आता रांगेतल्या त्या गृहस्थाचा हिशेब मांडून पाहावा, ज्याने ३५ हजारांच्या गाडीसाठीच नाव नोंदविले होते. एखादा शाळाशिक्षक कल्पावा, गाडीवर याहून अधिक खर्च करण्याची ऐपत नसलेला. अमेरिकेत विजेच्या गाडीवर ७,५०० डॉलरपर्यंत केंद्रीय प्राप्तिकरात सूट मिळत असे, म्हणजे त्याच्या मनातली किंमत होती २७,५०० डॉलर. मात्र या सुटीला एक कलम जोडलेले होते. कंपनीने देशात दोन लाख गाड्या विकल्या की पुढच्या तिमाहीच्या अखेरीनंतर सूट अर्धी व्हायची, सहा महिन्यांनी पाव, आणि आणखी सहा महिन्यांनी शून्य. महागड्या मॉडेल एस आणि एक्सच्या विक्रीनेही तीच मर्यादा भरत चालली होती.

कारखान्यात मात्र वेगळेच चालले होते. २०१७ च्या सप्टेंबरात दीड हजार गाड्या बनविण्याचा वायदा होता. जुलै ते सप्टेंबर या संपूर्ण तिमाहीत २६० बनल्या. आठवड्याला पाच हजारांचा टप्पा २०१७ च्या अखेरीस गाठायचा होता, तो जून २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात गाठला, आणि तोही कारखान्याच्या आवारात तंबू ठोकून त्यात एक जुळणीमार्ग उभारल्यावर. याच काळात मस्क यांनी सांगून टाकले की सर्वात स्वस्त गाडी लगेच देऊ लागलो तर कंपनी तोट्यात जाऊन मरेल. प्रांजळ विधान होते. फक्त विसार घेताना केलेले नव्हते.

जुलै २०१८ मध्ये दोन लाखांची मर्यादा ओलांडली. ३१ डिसेंबरनंतर सूट ३,७५० वर आली. गृहस्थापुढे दोनच वाटा होत्या: ऑक्टोबरात मधल्या बॅटरीची गाडी ४५ हजारांना आली होती ती घेऊन पूर्ण सूट मिळवावी, की ३५ हजारांची वाट पाहावी. वाट पाहणाऱ्याला २८ फेब्रुवारी २०१९ रोजी ती जाहीर झालेली दिसली. सूट वजा जाता किंमत ३१,२५०. म्हणजे मूळ हिशेबापेक्षा ३,७५० अधिक, तीन वर्षांच्या प्रतीक्षेनंतर. एप्रिलमध्ये ती संकेतस्थळावरील यादीतूनही गेली. ज्याला हवी त्याने दुकानात जावे किंवा दूरध्वनी करावा. शिवाय तिचे स्वरूप बदलले. कंपनीने तिच्याहून थोडी महाग गाडीच द्यायची आणि तिची काही क्षमता संगणकीय आज्ञेने बंद ठेवायची असे ठरविले. तापणारी बैठक गाडीत बसविलेली आहे, पण तिला कुलूप आहे. दुकानदाराने गिऱ्हाइकाला पोते पूर्ण भरून द्यावे आणि त्यातले चार शेर वापरू नका म्हणावे, असा हा व्यवहार. जुन्या गादीवर बसणाऱ्यांना तो कळायला वेळ लागेल, पण उत्पादनाच्या खर्चात पाहिले तर तो बिनचूक आहे: दोन प्रकारच्या गाड्या बनविण्यापेक्षा एकच बनविणे स्वस्त पडते.

जाता जाता नोंदवायचे तर जनरल मोटर्सची शेव्हरोले बोल्ट ही २३८ मैल चालणारी विजेची गाडी डिसेंबर २०१६ मध्येच कॅलिफोर्नियात ग्राहकांच्या हाती पडू लागली होती, सुमारे साडेसदतीस हजार डॉलरला. सेडान नव्हती, दिसायला साधी होती. तिच्यासाठी पहाटे कोणी रांग लावली नाही.

आणि या रांगेत भारतीयही होते. २०१६ मध्ये आपल्याकडूनही नावे नोंदविली गेली. हजार डॉलर म्हणजे तेव्हा सुमारे ६६ हजार रुपये. पूर्ण बनलेल्या आयात गाडीवरील भरमसाट शुल्क आणि येथे कारखाना काढण्याबाबतची बोलणी यांत वर्षे गेली. कंपनीचे पहिले दालन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात जुलै २०२५ मध्ये उघडले, आणि त्यात विक्रीस होती ती मॉडेल वाय, सुमारे ६० लाख रुपयांपासून. त्याच्या थोडे आधी मॉडेल थ्रीच्या जुन्या भारतीय नोंदण्या रद्द करून विसार परत देण्यास कंपनीने प्रारंभ केला होता. नऊ वर्षांचे व्याज त्यात नव्हते.