सुलतानाची देग

राजवाड्यांतील पाककलेविषयीं लिहूं लागलें कीं लेखणी सहसा केशर, कस्तुरी आणि गुलाबपाणी यांकडेच धांवते. इस्तंबूल येथील तोपकापी राजवाड्यांत या जिनसांस तोटा नव्हता. परंतु उस्मानी सुलतानांच्या मुदपाकखान्याचें मर्म आम्हांस दिसतें तें शिपायांच्या तांब्याच्या देगेंत.

इ. स. १५७४ मध्यें हा मुदपाकखाना आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्यावर मिमार सिनान या थोर स्थपतीनें तो पुन्हां उभारला. त्याच्या धुराड्यांची रांग आजहि दुरून ओळखूं येते. सुलतानानें एकट्यानेंच जेवावें, हा दुसऱ्या महंमदाच्या वेळचा दंडक. पण त्याच्या चुलींवर शिजे तें हजारोंचें अन्न. इराणी पुलाव, मध्य आशियांतील दहीं, सारण भरून शिजविलेला दोल्मा (आमच्या भरल्या वांग्याचा हा दूरचा सोयराच म्हणाना!) हीं सारीं तेथें एका पंक्तीस बसलीं. दोल्मा हें नांव तर ग्रीकांनीं तुर्कांशीं लढूनहि टाकलें नाहीं.

येनिचेरी फौजेंत आरंभीं भरती होई ती बाल्कन प्रांतांतील ख्रिस्ती घरांतून उचलून आणलेल्या मुलांची. आईची चूल ज्यांस अंतरली, त्यांस ही देगच घर झाली. त्यांच्या नायकास 'चोर्बाजी', म्हणजे शोरबा वाढणारा, म्हणत. शिपायाच्या टोपीवर चमचा खोंवलेला असे. पगाराच्या दिवशीं राजवाड्यांत शोरबा, पुलाव व केशरी गोड भात मिळे. शिपायांनीं शोरब्यास हात लावला नाहीं, कीं दरबाराच्या काळजांत धस्स होई. देग उलथली म्हणजे बंडच!

इ. स. १८०७ मध्यें तिसरा सेलीम अशाच बंडांत पदच्युत झाला आणि इ. स. १८२६ मध्यें दुसऱ्या महमूदानें त्यांच्या बराकींवर तोफा डागून ती फौज मोडली. हजारों मारले गेले. फौज बेबंद झाली होती, हें खरें. तथापि खाल्ल्या मिठास न जागल्याचा दोष एकट्या शिपायांच्या माथीं मारणें आम्हांस रुचत नाहीं. ज्या फौजेचा पायाच लहानपणीं आईबापांपासून तोडलेल्या मुलांवर घातला गेला, तिच्याकडून मिठाचा हिशेब मागावयाचा तरी कोणत्या तोंडानें?

रमजानच्या पंधराव्या दिवशीं दर दहा शिपायांमागें बक्लाव्याचें एक ताट राजवाड्यांतून मिळे आणि तीं ताटें मिरवीत पलटणी बराकींकडे परतत. इ. स. १८२६ नंतर ती मिरवणूक निघाली नाहीं.